अनेक हातांची नोंद
(ग्रंथालयातील विकीविषयीच्या पुस्तकाची प्रस्तावना)

कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. भारतात त्याआधी असा कायदा कुठेही झालेला नव्हता. मद्रासचा कायदा १९४८ मध्ये आला, महाराष्ट्राचा १९६७ मध्ये. कायदा येण्याच्या कितीतरी आधी, १८५० पासून, करवीर नगर वाचन मंदिर उभे होते. रत्नागिरीचे वाचनालय त्याहून जुने, १८२८ चे. पुस्तके कोणी घ्यायची, कोणी जपायची, कोणाला कोणत्या अटींवर द्यायची, या प्रश्नांची उत्तरे आपल्या ग्रंथालयांनी पिढ्यान्‌पिढ्या शोधली. वर्गणी, अनामत, दाखल नोंदवही, देवघेव, अनुदान, तपासणी ही सारी व्यवस्था त्यातून घडली. एक प्रश्न मात्र मागे राहिला. ग्रंथालयात पुस्तकांच्या बाहेर जे ज्ञान असते, त्याची नोंद कोणी ठेवायची?

हे ज्ञान थोडेथोडके नसते. कोल्हापुरातल्या शाहूपुरीच्या गूळ बाजारावर प्रबंध लिहिणारी एखादी विद्यार्थिनी ग्रंथालयात आली, तर तालिकेत ‘गूळ’ या शब्दाखाली तिला मोजकी पुस्तके सापडतील. १८८६ चे कोल्हापूर गॅझेटियर तिने मागितले, तर त्यात शाहूपुरी मिळणार नाही, हे तिला कोणीतरी सांगावे लागेल. कारण कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ मध्ये, शाहू महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला १८९४ मध्ये आणि ही व्यापारी पेठ वसवली १८९५ मध्ये. मग कुठे पाहायचे? संस्थानचे प्रशासन अहवाल, १९६० चे जिल्हा गॅझेटियर, बाजाराशी संबंधित संस्थांच्या स्मरणिका, ‘सत्यवादी’ आणि ‘पुढारी’ या वृत्तपत्रांच्या बांधीव फायली, एखाद्या अडत्याच्या घरून देणगीत आलेला आणि अजून दाखल न झालेला गठ्ठा. ही सगळी टोके जुळवून देणारा माणूस देवघेवीच्या टेबलामागे बसलेला असतो. तो निवृत्त झाला की सत्काराचे भाषण होते, शाल-श्रीफळ दिले जाते आणि ग्रंथालयाची न लिहिलेली तालिका त्याच्याबरोबर घरी जाते.

विकी हे साधन ग्रंथालयाच्या कामाचे आहे ते इथे. या पुस्तकाची भूमिका थोडक्यात अशी की विकी चालवणे हे मुळात ग्रंथपालनाचे काम आहे. संगणकाचा भाग त्यात येतो, पण तो दुय्यम आहे. ज्याला वर्गीकरण, नोंद आणि संदर्भसेवा कळते, त्याला विकी कळायला वेळ लागत नाही. उलट ज्या विकीला ग्रंथपालाचा हात लागला नाही, तो थोड्याच काळात अडगळीची खोली होतो.

विकी म्हणजे काय

नवख्या वाचकासाठी आधी मुद्द्याचे सांगतो. विकी म्हणजे अशी पाने, जी अनेक जणांना उघडता येतात, वाचता येतात आणि तिथल्या तिथे दुरुस्तही करता येतात. त्याचे चार भाग आहेत. पहिला संपादन: पानावरचे बटण दाबले की मजकूर लिहिण्यासाठी खुला होतो. दुसरा दुवा: एका पानातून दुसऱ्या पानाकडे जाता येते, ते दुसरे पान अजून लिहिले गेले नसेल तर दुवा लाल दिसतो आणि ‘इथे काम बाकी आहे’ असे सांगतो. तिसरा इतिहास: कोणी, कधी, काय बदलले याची आपोआप नोंद राहते आणि जुनी आवृत्ती परत आणता येते. चौथा चर्चा: प्रत्येक पानाच्या मागे एक चर्चापान असते, मतभेद तिथे मांडायचे, पानावर भांडायचे नाही.

यातला तिसरा भाग ग्रंथालयातल्या माणसाला परका वाटू नये. दाखल नोंदवहीत खाडाखोड चालत नाही. नोंद चुकली तर ती वाचता येईल अशी एका रेघेने खोडायची, शेजारी बरोबर नोंद करायची आणि सही करायची, ही शिस्त प्रत्येक ग्रंथपालाने उमेदवारीत शिकलेली असते. विकीचा इतिहास ही तीच शिस्त आहे. फरक इतकाच की सही करायला कोणी विसरू शकत नाही. विकीवर ‘कोणीही काहीही लिहितो’ ही तक्रार नेहमी ऐकू येते. कोणी काय लिहिले ते इतक्या उघडपणे दाखवणारे दुसरे माध्यम ग्रंथालयात नाही, हे त्या तक्रारीचे उत्तर आहे.

कसा वाढला

पहिला विकी वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकी प्रोग्रामरने २५ मार्च १९९५ रोजी सुरू केला. प्रोग्रामर मंडळींनी आपापले अनुभव एकमेकांसाठी टिपून ठेवावेत, इतकाच त्याचा हेतू होता. म्हणजे जन्मापासूनच विकी हा एका व्यवसायातल्या लोकांनी आपले कसब लिहून ठेवण्याचा मार्ग होता. त्याला विश्वकोशाचे रूप मिळाले ते नंतर. जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांचा न्यूपीडिया हा तज्ज्ञांनी तपासलेल्या लेखांचा कोश परीक्षणाच्या पायऱ्यांवरच अडखळत होता. त्याला पूरक म्हणून १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया सुरू झाला आणि पूरक प्रकल्पाने मूळ प्रकल्पाला झाकून टाकले. विकिपीडियासाठी २००२ पासून घडत गेलेली प्रणाली पुढे मीडियाविकी या नावाने सर्वांना मोफत मिळाली. आज जगातली असंख्य ग्रंथालये, विद्यापीठे आणि कार्यालये तीच वापरतात. मराठी विकिपीडियाची सुरुवात १ मे २००३ ची, महाराष्ट्र दिनाची.

ग्रंथालयांनी विकी खऱ्या अर्थाने हाती घेतला २००५ च्या सुमारास. त्या वर्षी शिकागोला भरलेल्या अमेरिकन ग्रंथालय संघाच्या अधिवेशनासाठी मेरेडिथ फार्कस या ग्रंथपालाने एक विकी उभारला. सत्रांची टिपणे, राहण्या-जेवण्याची माहिती, अनुभव, सारे उपस्थितांनीच लिहिले. त्याच वर्षी त्यांनी ग्रंथालयांतल्या यशस्वी प्रयोगांची नोंद ठेवणारा विकीही सुरू केला. ओहायो विद्यापीठात चॅड बोएनिंगर यांनी वाणिज्य विषयाच्या संदर्भसाधनांसाठी विकी केला. इंडियानातल्या सेंट जोसेफ परगण्याच्या सार्वजनिक ग्रंथालयाने आपल्या विषयसूच्या मीडियाविकीवर नेल्या. या सगळ्यांची अडचण एकच होती: संकेतस्थळावर एक ओळ बदलायची तरी संगणक विभागाला अर्ज करावा लागे. विकीने ती ओळ ग्रंथपालाच्या हातात दिली.

उत्साहाच्या या लाटेनंतर ओहोटी आली, आणि तिच्यापासून शिकण्यासारखे अधिक आहे. एका उत्साही माणसाने सुरू केलेला विकी त्याची बदली झाल्यावर ओस पडला. जाहिरातबाजांनी पाने भरून टाकली. २००७ पासून तयार विषयसूच्या देणाऱ्या व्यापारी सेवा आल्या आणि पुष्कळ विद्यापीठांनी तो सोपा रस्ता धरला. ज्यांनी आपली पाने फुकटच्या जागेवर ठेवली होती, त्यांना विकीस्पेसेस ही लोकप्रिय सेवा २०१८ साली गुंडाळली जाऊ लागल्यावर धावपळ करून मजकूर उचलावा लागला. टिकले ते विकी, ज्यांना जबाबदार माणूस होता, ठरलेली वेळ होती आणि मजकुराची प्रत स्वतःजवळ होती. यंत्र ओस पडलेल्या विकींचेही तेच होते आणि टिकलेल्यांचेही तेच.

चार वाटा

ग्रंथालयांतल्या विकीवापराकडे पाहिले की चार वेगळ्या वाटा दिसतात. त्यांचे हेतू वेगळे, धोके वेगळे. त्यांची गल्लत झाली की काम फसते, म्हणून नवख्याने त्या आधीच वेगळ्या ओळखाव्यात.

पहिली वाट अंतर्गत विकीची. तो फक्त कर्मचाऱ्यांसाठी असतो. देणगीत आलेली पुस्तके कशी निवडायची, फाटलेल्या पुस्तकाची वर्गवारी कशी करायची, वार्षिक अहवालाचे तक्ते कोणत्या नोंदींतून भरायचे, तपासणीच्या वेळी कोणती कागदपत्रे काढून ठेवायची, कोहा किंवा ई-ग्रंथालय ही ग्रंथालयाची संगणकप्रणाली अडली तर काय करायचे. दिसायला ही सर्वांत रुक्ष वाट, पण फळ सर्वांत लवकर देणारी. नवा लिपिक रुजू झाला की पहिल्या आठवड्यातच तिचा उपयोग दिसतो.

दुसरी वाट विषयसूचीची. एखाद्या विषयावर आपल्या संग्रहात काय आहे, बाहेर काय आहे आणि कुठून सुरुवात करावी, हे सांगणारी पाने. मराठीत या कामाला मोठा वारसा आहे. शं. ग. दाते यांनी १८०० पासूनच्या मराठी ग्रंथांची सूची केली. दाते, काळे आणि बर्वे यांनी मिळून नियतकालिकांची सूची केली. आपल्याकडची सूची मात्र छापली गेली की थांबते. विकीवरची सूची थांबत नाही; त्यामुळे ती कधीच ‘पूर्ण’ही होत नाही. हे अपूर्णपण मनाने स्वीकारायला सूचीकाराला वेळ लागतो.

तिसरी वाट गावविकीची. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस या छोट्या शहराचा विकी आणि जर्मनीतल्या कार्ल्सरूहेचा नगरविकी, दोन्ही २००४ चे. रस्ते, दुकाने, माणसे, झाडे, गावातले वाद, सगळे गावकऱ्यांनीच लिहिलेले. इथे ग्रंथालय लेखक नसते. ते यजमान असते आणि पुरावा मागणारे असते. शाहूपुरीचाच विचार करा. क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या, गणेशमूर्ती घडवणारी कुंभार गल्ली, तालमी आणि व्यायामशाळा, गुळाच्या अडती, स्टेशन रोडवरची बदलत गेलेली दुकाने. गुऱ्हाळावर गुळव्या काय बघून काहील उतरवतो, चुलवाणाला जळण कसे लागते, गुळाच्या रव्याचे (ढेपेचे) वजन आणि रंग पाहून सौदा कसा होई, हे सांगणारी माणसे अजून आहेत. त्यातली बरीचशी ग्रंथालयाची जुनी सभासद आहेत. सकाळी वर्तमानपत्राच्या टेबलावर भेटतात. त्यांच्याकडून लिहून घेणे हे संदर्भसेवेचे काम आहे. वाचक घेणारा असतो, तसा देणाराही असतो, हे ग्रंथालयाने मान्य केले की ही वाट मोकळी होते.

चौथी वाट जगाच्या विकीची: विकिपीडिया, विकिस्रोत, विकिडेटा. इथे ग्रंथालय स्वतःचे घर बांधत नाही. सामाईक चावडीवर आपला वाटा टाकते. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१० मध्ये सुमारे १४०० ग्रंथांचा मजकूर विकिस्रोत या मूळ ग्रंथांच्या मुक्त संग्रहासाठी दिला. त्याच वर्षी ब्रिटिश म्युझियममध्ये लियाम वायट हे पहिले निवासी विकिपीडियन, म्हणजे संस्था आणि विकिपीडिया यांच्यातला दुवा, म्हणून बसले. २०१६ च्या जानेवारीपासून दर वर्षी जगभरच्या ग्रंथपालांना एक साधे आवाहन केले जाते: विकिपीडियावरच्या एका बिनआधाराच्या विधानाला एक संदर्भ जोडा. २०१२ मध्ये सुरू झालेल्या विकिडेटाने लेखक, ग्रंथ, स्थळे यांना कायमचे ओळखक्रमांक दिले आणि एकाच नावाचे दोन लेखक वेगळे ओळखण्याचे ग्रंथालयांचे जुने दुखणे बरेच हलके केले. महाराष्ट्रातही राज्य मराठी विकास संस्थेसारख्या संस्थांनी महाविद्यालयांतून मराठी विकिपीडियाच्या कार्यशाळा घेतल्या आहेत. कार्यशाळेत पान सुरू होते. ते पुढे जिवंत ठेवण्याचे काम मात्र ज्याच्याकडे पुस्तके आहेत त्याने करायला हवे, म्हणजे ग्रंथपालाने.

विश्वास कशावर ठेवायचा

विकीच्या प्रामाण्याबद्दलचा वाद जुना आहे, आणि त्यातल्या दोन्ही बाजू ऐकण्यासारख्या आहेत. २००५ च्या सुमारास अमेरिकन ग्रंथालय संघाचे अध्यक्षपद भूषवलेले मायकेल गोरमन विकिपीडियाचे कठोर टीकाकार होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने ४२ विज्ञानविषयक नोंदी तज्ज्ञांकडून तपासून घेतल्या; दर नोंदीमागे विकिपीडियात सरासरी चार आणि ब्रिटानिकात तीन चुका निघाल्या. ब्रिटानिकाने या तपासणीवर जोरदार आक्षेप घेतले. स्वतः लॅरी सँगर यांनी विकिपीडियापासून दूर होऊन तज्ज्ञांच्या देखरेखीखालचा वेगळा कोश सुरू केला. त्याला विकिपीडियाची गती आली नाही.

मराठीला हा वाद तसा नवा नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी १९२० च्या दशकात ज्ञानकोशाचे २३ खंड पूर्ण केले, ते अनेक सहकाऱ्यांच्या हातांनी, पण एका संपादकाच्या नजरेखाली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईला सुरू झालेल्या मराठी विश्वकोशाने अभ्यागत लेखक, समीक्षक, संपादक अशी उतरंड बांधली; विसावा खंड यायला २०१५ साल उजाडले. आज विश्वकोश मंडळ विद्यापीठे आणि संस्थांशी जोडलेल्या ज्ञानमंडळांमधून नोंदी महाजालावर अद्ययावत करते. ही मधली वाट आहे: अधिकार तज्ज्ञाकडे, पण खंड संपण्याची वाट न पाहता. केतकरांचा रस्ता, वाईचा रस्ता आणि विकीचा रस्ता हे एकमेकांचे वैरी नाहीत. कोणत्या कामाला किती पहारा लागतो, याची ती तीन उत्तरे आहेत.

पण छोट्या ग्रंथालयाच्या विकीला यातले कोणतेही उत्तर जसेच्या तसे लागू पडत नाही, आणि या पुस्तकाचा जोर याच मुद्द्यावर आहे. विकिपीडियाची भिस्त गर्दीवर आहे. हजारो डोळ्यांपैकी कोणाला तरी चूक दिसते. तालुक्याच्या ‘ब’ वर्ग ग्रंथालयात विकीवर लिहिणारे मोजकेच असणार. तिथे गर्दी नाही, पण ओळख आहे. प्रत्येक दुरुस्तीमागचा माणूस सगळ्यांना ठाऊक असतो. त्यामुळे वात्रटपणा जवळजवळ होत नाही. होते ते वेगळेच: संकोच. ग्रंथपालांनी लिहिलेल्या पानातली चूक लिपिकाला दिसते, पण तो हात लावत नाही. कार्यवाहांनी संस्थेच्या इतिहासात लिहिलेले साल चुकीचे आहे हे शिपायाला माहीत असते, कारण कोनशिला रोज तोच पुसतो. तरी तो गप्प राहतो. बाहेरच्या पुस्तकांत विकीच्या अपयशाची कारणे तांत्रिक अडचणी आणि खोडसाळपणा अशी दिलेली आढळतात. आपल्याकडे खरा अडथळा अदब आहे.

यावर उपाय आहेत, आणि ते कार्यपद्धतीचे आहेत. वयाने किंवा पदाने मोठा माणूस पहिल्यांदा जाणीवपूर्वक अर्धवट पान लिहितो आणि इतरांना ते पुरे करायला सांगतो. थेट दुरुस्ती करायला जो धजत नाही, तो चर्चापानावर प्रश्न टाकतो: ‘हे साल कुठून घेतले?’ प्रत्येक विधानाला आधार जोडायचा नियम केला की वाद माणसांत न राहता कागदांत होतो. शाहू महाराजांच्या जन्मतारखेचे उदाहरण कोल्हापूरकरांना परिचयाचे आहे. जुन्या लेखनात २६ जुलै १८७४ ही तारीख आढळते. जयंती आज २६ जूनला साजरी होते. विकीच्या पानावर नुसती आजची तारीख लिहून थांबणे म्हणजे संदर्भसेवा नव्हे. जुनी तारीख कोणत्या ग्रंथात आहे, नवी कशाच्या आधारावर आली, हे नोंदले की उद्या जुने चरित्र हातात पडलेला विद्यार्थी गोंधळत नाही. वाद मिटवणे हे ग्रंथालयाचे काम नाही. वादाची कागदपत्रे एका जागी ठेवणे हे आहे.

आत्ताच का

हे पुस्तक आत्ता यावे याला कारणे आहेत. महाराष्ट्रात अकरा-बारा हजारांच्या घरात अनुदानपात्र सार्वजनिक ग्रंथालये आहेत. त्यातल्या अनेक ग्रंथालयांत कामाचा भार एक-दोन माणसांवर आहे आणि अनुभवी पिढी निवृत्तीला आली आहे. तिच्याकडचे लिहून घ्यायला फार वर्षे हाती नाहीत.

दुसरे कारण पाण्याने शिकवले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा आणि कृष्णाकाठाला महापूर आला. २०१९ च्या पुरात सांगलीच्या नगर वाचनालयाच्या ग्रंथसंपदेची मोठी हानी झाली. पुस्तक भिजले तर दुसरी प्रत शोधता येते. पण कोणते पुस्तक होते, ते कोणाकडून आले होते, त्यात कोणाच्या सहीची अर्पणपत्रिका होती, ही नोंद फक्त त्याच इमारतीतल्या वहीत असेल तर हानी दुप्पट होते. इमारतीबाहेर प्रत असलेली नोंद हा पुराच्या पट्ट्यातल्या ग्रंथालयाचा विमा आहे.

तिसरे कारण सर्वांच्या खिशात आहे. प्रश्न विचारला की फोन क्षणात गुळगुळीत उत्तर देतो. ते उत्तर कुठून आले, हे बहुतेक वेळा वाचकाला कळत नाही, आणि कोल्हापूरच्या एखाद्या पेठेबद्दलचा प्रश्न असेल तर यंत्राजवळ आधारच तोकडा असतो. महाजालावर मराठीत, संदर्भासह, उघड्या परवान्याने लिहिलेला स्थानिक मजकूर जितका वाढेल, तितकी या उत्तरांना जमीन मिळेल. तो मजकूर लिहिण्यासाठी लागणारी साधने ज्या घरात आहेत, त्याचे नाव ग्रंथालय.

चौथे कारण लिपीचे. वर्षानुवर्षे आपण अहवाल, सूच्या, स्मरणिका अशा फाँटांत टंकित केल्या, ज्यांतला मजकूर शोधयंत्राला वाचता येत नाही. युनिकोडने हा अडथळा दूर केला आहे आणि देवनागरी छापील पानाचे अक्षररूपांतरही आता कामचलाऊ पातळीच्या पुढे गेले आहे. विकिस्रोतावर स्कॅन केलेले पान आणि त्याचा मजकूर शेजारी-शेजारी दिसतात. एकाने मुद्रितशोधन केले की पान पिवळे होते, दुसऱ्या व्यक्तीने पडताळले की हिरवे. पहिल्याच माणसाला ते हिरवे करता येत नाही. दुसऱ्या नजरेशिवाय काम पुरे मानायचे नाही, ही अट कोणत्याही ग्रंथालयाने आपल्या विकीसाठी उचलावी अशी आहे.

इथे एक सावधगिरी. जे हाती आहे ते सगळे चढवता येत नाही. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे हक्क टिकतो. साने गुरुजींचे निधन १९५० चे. त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेले साहित्य २०११ पासून सर्वांचे झाले. वि. स. खांडेकर १९७६ मध्ये गेले. त्यांची पुस्तके २०३६ अखेरपर्यंत वारसांच्या परवानगीशिवाय चढवता येणार नाहीत. त्यांच्याविषयी लिहायला, त्यांच्या आवृत्त्यांची सूची करायला, त्यांच्यावरच्या लेखांचे संदर्भ जमवायला मात्र कोणतीही आडकाठी नाही. ग्रंथालयाच्या विकीचा पहिला खजिना अशा नोंदींतच असतो.

या पुस्तकाविषयी

हे पुस्तक संगणकाचे हस्तपुस्तक नाही. कोणते बटण कुठे आहे हे सांगणारे पुस्तक छापून येईपर्यंत बटणाची जागा बदललेली असते. इथले लेख प्रश्नांभोवती बांधले आहेत: काय लिहायचे आणि काय नाही, कोणाला लिहू द्यायचे, चूक झाली तर काय, वाद झाला तर काय, उत्साह ओसरला तर काय. यंत्राची माहिती जिथे निर्णयाला लागते तिथेच दिली आहे. उदाहरणार्थ, विकी स्वतःच्या संगणकावर ठेवायचा की महाजालावर, प्रत किती दिवसांनी काढायची, नोंदणीशिवाय लिहू द्यायचे का.

वाचक म्हणून डोळ्यांसमोर दोन माणसे आहेत. एक, तालुक्याच्या किंवा गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात काम करणारा ग्रंथपाल, ज्याच्याकडे एक संगणक, तुटपुंजे अनुदान आणि भरपूर माहिती आहे. दुसरी, महाविद्यालयाची ग्रंथपाल, जिच्याकडे साधने आहेत पण विद्यार्थी ग्रंथालयाकडे अभ्यासिका म्हणूनच पाहतात. या दोघांच्या गरजा सारख्या नाहीत, म्हणून काही ठिकाणी सल्ले एकमेकांच्या उलट जातील. पहिल्याला छोट्या अंतर्गत विकीपासून सुरुवात करा असे सांगितले आहे. दुसरीला विद्यार्थ्यांच्या हाती विकिपीडिया आणि विकिस्रोत द्या असे. हा विसंवाद मुद्दाम तसाच ठेवला आहे.

कामाच्या श्रेयाचा प्रश्नही पुस्तकाने टाळलेला नाही. विकीवरचे काम कोणाच्या नावावर छापून येत नाही, पदोन्नतीच्या अर्जात त्याला रकाना नसतो. ग्रंथालयाच्या वार्षिक अहवालात देवघेवीच्या आकड्यांशेजारी वर्षभरात लिहिलेल्या आणि दुरुस्त केलेल्या पानांची संख्या, लिहिणाऱ्यांच्या नावांसह, द्यावी अशी आमची सूचना आहे. विकीचा इतिहास ती नावे आयती देतो. जे मोजले जाते त्याला कार्यकारी मंडळाच्या सभेत वेळ मिळतो, हे या क्षेत्रातल्या सर्वांना माहीत आहे.

पुस्तकाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. मोठ्या विद्यापीठ ग्रंथालयांच्या संशोधनसंग्रहांसाठी वेगळ्या प्रणाली लागतात. त्यांचा विचार इथे नाही. हस्तलिखितांचे जतन आणि मोडीचे लिप्यंतर हे स्वतंत्र शास्त्र आहे; विकी तिथे फक्त नोंद आणि समन्वयापुरता येतो. विकीने ग्रंथालय वाचेल, वाचक परत येतील, असा दावा कुठेही केलेला नाही. वाचक येतात ते पुस्तकांसाठी, बसायच्या जागेसाठी आणि टेबलामागच्या माणसासाठी. त्या माणसाला जे ठाऊक आहे ते त्याच्यानंतरही टेबलावर राहावे, एवढीच या पुस्तकाची मागणी आहे.

सुरुवात करायची असेल तर परवानगी, निधी, प्रशिक्षण यांची वाट पाहू नका. ग्रंथालयात वारंवार विचारला जाणारा एक प्रश्न निवडा. त्याचे उत्तर एका पानावर लिहा, आधार जोडा. मग ते पान आपल्यापेक्षा कनिष्ठ सहकाऱ्याच्या किंवा एखाद्या जुन्या सभासदाच्या हाती द्या आणि त्यातली एक तरी गोष्ट बदलून दाखवा असे सांगा. तुमच्या मजकुरात दुसऱ्याने केलेली ती पहिली दुरुस्ती तुम्हाला आवडली नाही तरी राहू द्या. पटत नसेल तर चर्चापानावर कारण विचारा. तिथून पुढचे काम हे पुस्तक सांगेल.

शाहूपुरी, कोल्हापूर